अर्डिस हाउगेनचा नकार

लावोननं चर्चच्या तळघराची खिडकी वर सरकवली आणि ती घसरू नये म्हणून फटीत लाकडी कालथा अडकवला. बाहेर ऑक्टोबरातलं पहिलं बर्फ भुरभुरत होतं. वारा आत शिरला तशा टेबलांवरच्या कागदाच्या कडा फडफडल्या, जेवायला बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना कोटात ओढून घेतल्या, पण तक्रार कुणी केली नाही.

"अगं, काकडून मरतील सगळे," अर्डिस म्हणाली. तिच्या हातात उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं होतं.

"वासानं मरण्यापेक्षा बरं. तुझ्या नाकाला काय झालंय? मासा आहे तो."

लार्कस्टाडच्या चर्चमध्ये ल्युटफिस्कचं जेवण वर्षातून एकदा होई. सुकवलेला कॉड मासा क्षाराच्या पाण्यात मुरवायचा, मग साध्या पाण्यात फुगवायचा, उकडायचा आणि वितळलेल्या लोण्यात बुडवून गिळायचा. त्याचा वास एकदा कोटाला लागला की नाताळापर्यंत हटत नाही, आणि त्या वासाला नाव ठेवणं म्हणजे नॉर्वेहून बोटीनं आलेल्या पणजोबांनाच नाव ठेवणं. निवडणुकीच्या वर्षी या जेवणाला न आलेला उमेदवार लार्कस्टाडमध्ये पुन्हा तोंड दाखवू शकत नसे. अर्डिस तर याच गावची लेक. ती पाहुणी म्हणून खुर्चीत बसली असती तर बायकांनी तिला पातेल्यानंच बडवलं असतं.

ती टेबलाटेबलावरून बटाटे वाढत गेली. जवळजवळ प्रत्येकाच्या छातीवर तिच्या प्रचाराचा बिल्ला होता. पांढऱ्या गोलावर काळ्या अक्षरांत एकच शब्द होता, 'नाही'. नाव छापायची गरज उरली नव्हती.

"मग अर्डिस, पुढच्या आठवड्यात गॅसवाल्यांना काय सांगणार?" कोपऱ्यातून एका म्हाताऱ्यानं विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं.

"तुम्हीच सांगा."

"नाही!" अख्खं टेबल ओरडलं, आणि काटे टेबलावर आपटले गेले.

अर्डिस हसली. ही दाद तिला अठरा वर्षं मिळत होती, आणि खोटं कशाला बोला, अजूनही गोड लागत होती. ती मूळची डेअरीवाली बाई. तिच्या कुरणातून विजेचे मनोरे न्यायला माणसं आली, तेव्हा तिनं ट्रॅक्टर आडवा घातला आणि वर चढून बसली. शेरीफ आला, वार्ताहर आले. "तुमचं म्हणणं काय?" या प्रश्नाला तिनं एका शब्दात उत्तर दिलं आणि पुढच्या निवडणुकीत राज्यानं तिला वीज आणि गॅसचे दर ठरवणाऱ्या आयोगावर पाठवलं. तिथंही प्रत्येक दरवाढीला तिनं तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा निवडून आल्यावर ती आयोगाची अध्यक्ष झाली. आता चौथी निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती.

साय संपली म्हणून ती मागच्या कोठीत गेली. अरुंद बोळाच्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला ही खोली होती आणि तिचं जाड दार बंद असायचं. माशाचा वास तिथं कधी पोचत नव्हता. अर्डिसनं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. वास इथं जास्त होता.

ती परत आली ती साय न घेताच.

"लावोन, ती खिडकी तुम्ही आजच उघडलीत?"

"छे. दर रविवारी उघडतो."

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून. मासा भिंतीत मुरलाय म्हणे. पाद्रीबाबा रंग लावून घेणार आहेत उन्हाळ्यात."

अर्डिसनं टाळ्या वाजवल्या. भाषण आहे असं समजून लोकांनीही वाजवल्या. मग ती म्हणाली, "सगळे उठा. कोट घ्या आणि बाहेर चला. दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, चुलीला हात लावायचा नाही. ताटं राहू द्या."

"अगं, लोणी थिजेल!"

"थिजू दे."

तिचा आवाज अजून गुरं हाकणाऱ्या बाईचाच होता. कुरकुरत का होईना, लोक बाहेर पडले आणि बर्फात उभे राहून तिला शिव्या घालू लागले. गॅस कंपनीची गाडी आली तेव्हा एकदोघं ताट सोबत घेऊन आले होते आणि उभ्यानंच खात होते. कामगारांनी गाडीतून गॅस मोजायचं यंत्र काढलं, ते कोठीच्या भिंतीपाशी धरलं आणि न बोलता रस्ता खणायला घेतला.

पन्नासेक वर्षांपूर्वी गावाखाली प्लास्टिकचे पाइप पुरले होते. दर हिवाळ्यात जमीन गोठून फुगे, दर वसंतात बसे, आणि पाइप त्याबरोबर हलत राहत. कामगारानं खराब तुकडा कापून वर काढला आणि अर्डिसला ओळखून तो तिच्याकडे आला. तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मला काही सांगू नकोस. तुमच्या कंपनीची केस माझ्यापुढे आहे."

त्यानं खांदे उडवले आणि तुकडा गाडीत भिरकावला. लोखंडी तळावर पडताच त्याचे दोन तुकडे झाले. ते मात्र अर्डिसनं पाहिलं. पाहायला बंदी कशी असणार?

संध्याकाळी लावोन तिला घरी सोडायला निघाली. लावोन तिची धाकटी बहीण, नवरा गेल्यापासून एकटी राहणारी, आणि अर्डिसच्या चारही निवडणुकांची सूत्रं हलवणारी. 'नाही'चा बिल्ला तिच्याच डोक्यातून निघाला होता.

"फुटला, जोडला, विषय संपला," लावोन म्हणाली.

"त्या रस्त्याला पुढेही तोच पाइप आहे. तुझ्या घराखाली पण तोच आहे."

"मग बदलू देत ना! कोण नको म्हणतंय? पण पन्नास वर्षं नफा ओरपला त्यांनी, आणि पाइप बदलायचे पैसे माझ्याकडून? माझ्या पेन्शनमधून? मी हिवाळ्यात दोन खोल्या बंद ठेवते अर्डिस, तुला माहितीय."

"माहितीय."

"मग?"

"मग काही नाही. तुझं खरं आहे."

तिला खरंच तसं वाटत होतं, आणि गोची तीच होती.

आयोग तीन जणांचा. तिघंही लोकांनी निवडून दिलेले. आणि कायदा असा की कुठलेही दोन सदस्य केसबद्दल एक शब्द बोलले तरी ती आयोगाची बैठक ठरते, आणि जाहीर सूचना न देता घेतलेली बैठक म्हणजे गुन्हा. तीन तिगाडा, काम बिगाडा म्हणतात, इथं तर दोघांनीच बिगाडा होई. त्यामुळे दुसरा सदस्य मिलो श्टाइगर आणि अर्डिस हाउगेन ही माणसं अठरा वर्षं एका मजल्यावर बसली, पण एका गाडीतून कधी गेली नाहीत. एकजण कॉफीच्या खोलीत असला तर दुसरा बोळात खोकत उभा राही. मिलोची बायको गेली तेव्हा अर्डिस चर्चमध्ये त्याच्या शेजारी बसली, तर कुणीतरी त्याचीही तक्रार ठोकली. चौकशीत दोघांनी शपथेवर सांगितलं की बोलणं फक्त शवपेटीच्या फुलांबद्दल झालं.

मिलो हा वाळलेल्या लाकडासारखा माणूस. हवामान, गुडघे आणि टोमॅटो यांपलीकडे अर्डिसला त्याच्याबद्दल फारसं कळलं नव्हतं. पण त्याचं मत तिला चोख कळत असे, कारण मतदानाचा क्रम ठरलेला होता. आधी नवा सदस्य, मग जुना, शेवटी अध्यक्ष. अध्यक्ष होण्याआधीही ती मिलोच्या नंतरच बोले, कारण नियमानं आपली पाळी शेवटावर ढकलता येई आणि ती दर वेळी ढकले. मिलो कंपनीच्या मागणीची महिनोन् महिने चिरफाड करी, निम्मी उडवी, आणि उरलेल्या निम्म्याला 'हो' म्हणे. तिसरा सदस्य त्याच्यामागून 'हो' म्हणे. मग अर्डिस खणखणीत 'नाही' म्हणे आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत. दोन विरुद्ध एक. निवडणुकीत लावोन पत्रकं काढी, त्यात 'कंपनीच्या खिशातला मिलो' असं ठळक छापलेलं असे. मिलोनं त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. टोमॅटोबद्दल मात्र तो बोलत राहिला.

दोन वर्षांपूर्वी तो तिसरा सदस्य पडला आणि त्याच्या जागी कोल्टन रीस नावाचा तरणाबांड गडी निवडून आला. त्यानं अर्डिसचीच पत्रकं उचलून, फोटो बदलून छापली होती, असं लावोन म्हणे. तेव्हापासून मोठी अशी केस आयोगापुढे आली नव्हती. ही पहिलीच.

निकालाच्या दिवशी सकाळी राजधानीतल्या इमारतीत अर्डिस लिफ्टमध्ये शिरली आणि दार मिटता मिटता कोल्टननं त्यात पाय घातला.

"थांब," अर्डिस म्हणाली आणि तिनं दारावरच्या पोलिसाला हाक मारली. "एडगर, आत ये बाबा. साक्षीदार म्हणून."

एडगर सवयीनं आत आला आणि छताकडे बघत उभा राहिला.

"केसबद्दल एक शब्द नको," तिनं कोल्टनला बजावलं.

"केसबद्दल नाहीच, मॅडम. तुमच्याबद्दल बोलतोय." कोल्टनचा चेहरा खरोखरच उजळला होता. "मी कॉलेजात होतो तेव्हापासून तुम्हाला बघतोय. राज्यातली सगळ्यात झकास नोकरी तुम्ही शोधून काढलीत. आपण 'नाही' म्हणायचं, म्हातारी माणसं 'हो' म्हणून घेतात, गावात दिवे चालू राहतात, आणि मतं आपल्याला. मी बायकोला म्हटलं, शिकायचं तर या बाईकडून."

लिफ्ट वर चढत होती. एडगरनं छतावरची नजर काढली नाही.

"आणि म्हातारी माणसं संपली की?" अर्डिसनं विचारलं.

"संपतात कुठे?" कोल्टन मोकळेपणी हसला. "कुणी ना कुणी असतंच की!"

दार उघडलं. त्यानं अदबीनं तिला आधी जाऊ दिलं.

अर्डिस आपल्या खोलीत गेली आणि कोट न काढता बसून राहिली. पोराचा तिला राग यायला हवा होता. तो आलाच, पण येऊन वाट चुकल्यासारखा तिच्याचकडे वळला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढतो मेला, असं ती मनात म्हणाली, आणि मग पीठ कुणाचं होतं हे तिला आठवलं. तिच्या एकाही 'नाही'नं आजवर काही थांबलं नव्हतं. कंपनीनं तिच्याशी कधी वैर धरलं नव्हतं, उलट नाताळाला सर्वांत मोठं भेटकार्ड तिलाच येई. ती त्याला आपला दरारा समजत आली होती.

आणि या पठ्ठ्याला साधी बेरीज येत नव्हती. तो 'नाही' म्हणणार, ती 'नाही' म्हणणार, मग 'हो' म्हणायला एकटा मिलो. अठरा वर्षांत पहिल्यांदा तिचा नकार खरा ठरणार होता आणि ठराव पडणार होता. कंपनीनं पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा सुनावण्या, पुन्हा वकील. म्हणजे दोन हिवाळे तरी तो पाइप तसाच जमिनीत.

सभागृह गच्च भरलं होतं. लार्कस्टाडहून दोन बस आल्या होत्या. पहिल्या रांगेत लावोन बसली होती, बिल्ला छातीवर, मांडीवर पर्स. अर्डिस अध्यक्षाच्या खुर्चीत बसली. डावीकडे कोल्टन, उजवीकडे मिलो. मिलोनं तिच्याकडे पाहून मान हलवली.

"बाहेर वारा आहे," तो म्हणाला.

"उत्तरेचा," ती म्हणाली. एवढं कायद्यात बसत होतं.

तिनं हातोडी आपटली. "सुरू करण्याआधी मला एक गोष्ट नोंदवायची आहे. केसशी संबंधित काही मी सुनावणीबाहेर पाहिलं असेल तर ते उघड सांगणं मला भाग आहे. लार्कस्टाडच्या चर्चच्या तळघरात मला गॅसचा वास आला. रस्त्यातून काढलेला पाइप मी पाहिला. तो गाडीत टाकल्यावर मोडला. कुणाशी बोलले नाही, पण पाहिलं."

"मासा होता तो!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सभागृह हसलं.

"मासा भिंतीतून येत नाही, हेराल्ड," अर्डिस म्हणाली. हसणं थोडं कमी झालं.

सेक्रेटरी जोलीननं ठराव वाचला. लार्कस्टाड आणि आजूबाजूच्या गावांतले पाइप दोन वर्षांत बदलायचे. त्याचा खर्च ग्राहकांच्या बिलांतून. कंपनीनं मागितलेला जादा नफा नामंजूर. मागणीच्या निम्म्याहून कमी वाढ मंजूर. 'वाढ' या शब्दावर लोक गुरगुरले. बाकीचं कुणी ऐकलं की नाही, कोण जाणे.

"कमिशनर रीस?"

"नाही!" कोल्टन माइकला जवळजवळ चावला. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो मागे रेलून बसला आणि त्यानं अर्डिसकडे शिष्यानं गुरूकडे पाहावं तसं पाहिलं.

"कमिशनर श्टाइगर?"

अर्डिसनं पाण्याचा ग्लास उचलला होता. मिलोचं 'हो' तिला इतकं पाठ होतं की ते न येता गेलेला क्षण तिला लगेच कळलाच नाही.

"मी थांबतो," मिलो म्हणाला. "नाव शेवटी पुन्हा घ्या."

जोलीननं मान वर केली. हे नियमात होतं. कुठल्याही सदस्याला आपली पाळी शेवटावर ढकलता येते. पण मिलो श्टाइगरनं ते कधी केलं नव्हतं, आणि जोलीन त्याच्यापेक्षाही जुनी होती.

"म्हणजे... अध्यक्षांच्या नंतर?"

"अध्यक्षांच्या नंतर."

लोकांना यात काही कळलं नाही. कुणी खोकलं, कुणी चॉकलेटचा कागद काढला. अर्डिसनं ग्लास खाली ठेवला. मिलो समोर बघत होता आणि बोटांनी टेबलाच्या कडेवरचा टवका चाचपत होता.

हा माणूस काय करतोय? एवढी वर्षं हा आधी बोलला आणि ती नंतर. तिनं उडी मारायची ती याचं जाळं खाली पसरलेलं पाहून. आज यानं जाळं गुंडाळून काखेत मारलं होतं. तिनं 'हो' म्हटलं आणि यानं 'नाही' म्हटलं तर? मग पाइपही जमिनीत राहणार आणि अर्डिस हाउगेनही जमिनीत जाणार. कंपनीची तळी उचलणारी एकटी म्हणून तिचं नाव राज्यभर होईल, आणि 'नाही'चा बिल्ला नेमका मिलोच्या छातीवर चढेल. मिलोला तो मागायचा हक्कही होता. एवढ्या वर्षांत त्यानं एकदाही टाळ्या ऐकल्या नव्हत्या. आणि तिनं 'नाही' म्हटलं तर? तर काहीच नाही. लोक उभे राहतील, लावोन रडेल, दोन आठवड्यांनी ती निवडून येईल. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत.

ती त्याला विचारू शकत नव्हती. उभ्या राज्यात हा एकच माणूस होता ज्याला विचारायला कायद्यानं तिला बंदी होती.

"अध्यक्ष हाउगेन?" जोलीन म्हणाली.

पहिल्या रांगेत लावोननं बिल्ला नीट केला. अर्डिसला एकदम संताप आला. मिलोचा आला, कोल्टनचा आला, कंपनीचा तर होताच. या समोरच्या लोकांचाही आला, जे दर रविवारी खिडकी उघडून प्रार्थना म्हणत होते आणि स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. ट्रॅक्टरवर चढली त्या दिवशी ती अशीच तापली होती. त्या दिवशी तिच्यामागे कुणी नव्हतं आणि तिनं कुणाला विचारलंही नव्हतं. असं तापणं किती वर्षांत झालं नव्हतं, हे तिला आत्ता कळलं.

"हो," ती म्हणाली.

जोलीनची लेखणी थांबली. "अध्यक्षांनी..."

"हो म्हटलं मी. आणि नीट लिहून घे जोलीन. हे 'हो' माझं आहे, कुणाच्या मागून आलेलं नाही. मिस्टर श्टाइगरना जे म्हणायचं ते ते म्हणोत."

पहिले काही क्षण कुणाला ते ऐकूच गेलं नाही. मग गेलं. हेराल्ड उभा राहिला आणि त्यानं बिल्ला छातीवरून उपटला, तो कापडासकट आला. "विकली गेलीस का गं?" एक बाई किंचाळली. ही बाई चर्चमध्ये अर्डिसच्या मागच्या बाकावर बसे. कोल्टनचं तोंड उघडंच राहिलं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्यापेक्षा तक्रार जास्त होती. अर्डिस हातोडी आपटत राहिली.

"कमिशनर श्टाइगर?" जोलीननं विचारलं तेव्हा गोंगाट पुरता थांबलाही नव्हता.

मिलोनं टवक्यावरचं बोट काढलं.

"हो."

दोन विरुद्ध एक. ठराव मंजूर झाला.

बाहेरच्या बोळात अर्डिसनं त्याला गाठलं. वार्ताहर अजून आत लावोनच्या रांगेतल्या लोकांचं ओरडणं टिपत होते. एडगर दोन पावलांवर छताकडे बघत उभा होता.

"मी 'नाही' म्हटलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

मिलोनं टोपी घातली, कानांवरून खाली ओढली. "आदेशावर सह्या गुरुवारी आहेत. तोवर केस चालू आहे, अर्डिस. असं काही विचारू नये."

"मिलो!"

"एडगर ऐकतोय."

"मी काही ऐकत नाही," एडगर म्हणाला.

मिलो दोन पायऱ्या उतरला, गुडघा धरून थांबला, आणि वळून त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "आवाज छान लागला तुझा," तो म्हणाला. मग कठडा धरून तो खाली गेला.

लावोन बसमधून गेली नव्हती. गाडीचं इंजिन चालू ठेवून ती मागच्या दाराशी थांबली होती. अर्डिस शेजारी बसली. शहर मागे पडलं, धान्याच्या कोठारांचं पहिलं गाव गेलं, दुसरं गेलं. वाऱ्यानं बर्फ रस्त्यावरून आडवं वाहत होतं.

"मी तुला मत देणार नाहीये," लावोन म्हणाली.

"बरं."

"बरं काय? सख्खी बहीण आहे मी तुझी."

"म्हणून तोंडावर सांगतेयस. बाकीचे पडद्याआड जाऊन सांगतील."

"माझ्या दोन खोल्या बंद असतात, आता तिसरी बंद करीन. तेव्हा तू येऊन बघ."

"येईन." अर्डिसचा आवाज बसला होता. "तुझ्या बिलाचं दुःख मला नाही असं समजू नकोस. आहे. आणि तरी मी 'हो' म्हटलं. पुन्हा विचारलंस तर पुन्हा म्हणेन."

"पडशील."

"पडेन. त्यांना मला पाडता येतं, म्हणून तर त्यांनी मला तिथं बसवलं. मत द्यायला मात्र जा. बर्फ असलं तरी जा, कुणाला द्यायचं त्याला दे."

लार्कस्टाडचा फाटा आला. वळणावरच्या कॅफेसमोर दोन्ही बस उभ्या होत्या. काचेतून माणसं दिसत होती, सगळी कॉफीवर बसलेली, सगळी एकदम बोलत असलेली.

"इथं थांबव," अर्डिस म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं? आत तेच आहेत सगळे. हेराल्ड आहे."

"दिसतंय मला."

"उद्या ये. चार दिवसांनी ये. निवळू दे जरा."

"निवळल्यावर यायला काय, कुणीही येईल. शेंडी तुटो की पारंबी तुटो, आज कॉफी इथंच पिणार."

ती उतरली. वाऱ्यानं गाडीचं दार तिच्या हातातून हिसकावलं, तिनं ते दोन्ही हातांनी लोटून लावलं. काचेआडची माणसं एकेक करून तिच्याकडे वळायला लागली होती. ती कॅफेच्या पायरीपाशी पोचली तेव्हा मागे इंजिन बंद झालं, आणि पाद्रीबाबांनी ऐकू नये अशी एक शिवी वाऱ्यावर आली.

"मत नाही म्हणजे नाही!" लावोन पर्स छातीशी धरून बर्फातून येत ओरडली. "पण तुला वाटेल ते बोलायचं तर ते मी बोलेन. हेराल्डनं कशाला?"

अर्डिसनं तिच्यासाठी दार उघडून धरलं.